खग्रास चंद्रग्रहणाचे निरीक्षण

पौर्णिमेच्या रात्री चंद्रबिंब पृथ्वीच्या दाट छायेत, म्हणजेच प्रच्छायेत, पूर्णपणे शिरले असता खग्रास चंद्रग्रहण होते. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सु. ५° ९′ कोन करीत असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र या छायेच्या उत्तरेकडून वा दक्षिणेकडून निघून जातो. चंद्राच्या अंतरावर प्रच्छायेची रुंदी चंद्राच्या व्यासाच्या सु. २·६ पट असते. त्यामुळे खग्रास अवस्था पावणेदोन तासांपर्यंत टिकू शकते.

खग्रास सूर्यग्रहणासाठी निरीक्षकास एका अरुंद पट्ट्यात जावे लागते. चंद्रग्रहणाचे तसे नाही; ज्या ज्या ठिकाणी चंद्र क्षितिजाच्या वर असेल, तेथून ते एकाच क्षणी दिसते. जालना जिल्ह्यातील वाटूर येथील निरीक्षकास ७ सप्टेंबर २०२५ (भाद्रपद पौर्णिमा) रोजीचे ग्रहण आपल्या अंगणातूनच पाहता येण्याजोगे होते. भारतीय प्रमाण वेळेनुसार रात्री ९ वा. ५७ मि. यावेळी स्पर्श, ११ वा. १ मि. यावेळी संमीलन (बिंब पूर्ण झाकले जाणे), ११ वा. ४२ मि. यावेळी मध्य, १२ वा. २३ मि. यावेळी उन्मीलन आणि १ वा. २६ मि. यावेळी मोक्ष असा त्याचा क्रम होता. वाटूरची स्थानिक वेळ प्रमाण वेळेच्या सु. २५ मिनिटे मागे असल्याने तेथे चंद्र मध्यमंडलावर आला, तो उन्मीलनाच्याच सुमारास. हेच क्षण दोन ठिकाणी आपापल्या स्थानिक वेळेत नोंदले, तर त्यांच्या फरकावरून रेखांशांतील अंतर मिळते. तारायंत्रापूर्वीच्या काळात या रीतीचा उपयोग केला जात असे.

छायेत गेलेला चंद्र नाहीसा होत नाही, ही गोष्ट प्रथमच पाहणाऱ्यास चकित करते. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून आलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो. निळा प्रकाश वाटेत विखुरला गेल्यामुळे उरलेला प्रकाश तांबूस असतो. पृथ्वीवरील त्या वेळच्या सर्व सूर्योदयांचा आणि सूर्यास्तांचा प्रकाश एकत्र चंद्रावर पडतो, असे म्हणता येईल. छायेच्या कडेशी कधीकधी निळसर पट्टा दिसतो, तो ओझोनामुळे. वातावरणात ज्वालामुखीची धूळ असल्यास बिंब फार काळवंडते. पिनाटूबोच्या १९९१ मधील उद्रेकानंतर १० डिसेंबर १९९२ च्या पहाटे भारतातून दिसलेले ग्रहण असेच होते. बिंबाची दीप्ती व रंग नोंदविण्यासाठी फ्रेंच ज्योतिर्विद दांजाँ यांनी ० (जवळजवळ अदृश्य) ते ४ (तेजस्वी तांबडे वा नारिंगी) अशी श्रेणी ठरविली. तिच्यासाठी उपकरण लागत नाही. दुर्बीण असल्यास प्रच्छायेची कड एकेका विवरावरून सरकण्याच्या वेळा टिपाव्यात.

खग्रास अवस्थेत पौर्णिमेचा उजेड मावळून लहान तारे पुन्हा दिसू लागतात. शहरात हा बदल फारसा जाणवत नाही. दिवे कमी असलेल्या गावाबाहेरच्या शेतात मात्र तो स्पष्ट दिसतो. खरी अडचण ढगांची असते. १६ जून २०११, २८ जुलै २०१८ आणि ७ सप्टेंबर २०२५ या रात्रींची ग्रहणे पावसाळ्यातच आली. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीचे ग्रहण हिवाळ्यातील आहे आणि महाराष्ट्रातून ते पूर्ण दिसेल.

ग्रहणकाळात वेध पाळण्याची, अन्न-पाण्यावर दर्भ वा तुळस ठेवण्याची आणि गर्भवतींना घरात बसविण्याची चाल अद्याप पुष्कळ घरांतून आहे. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्येच ग्रहणाचे कारण छाया हे सांगितले होते. पंचांगकर्त्यांनी ज्या ग्रहलाघवावरून (१५२०) पिढ्यान्‌पिढ्या ग्रहणे वर्तविली, त्यात गणेश दैवज्ञांनी ती गणितानेच काढून दाखविली. ज्या पंचांगात स्पर्श-मोक्षाचे गणित असते, त्यातच वेधही छापलेले असतात, ही विसंगती लक्षणीय आहे. ग्रहणात चंद्रापासून कोणतेही वेगळे किरण येत नाहीत. नेहमीचा प्रकाशच कमी होतो. म्हणून ते नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात धोका नाही, आणि गर्भवतीनेही ते पाहण्यास हरकत नाही. सूर्यग्रहणाबाबत घ्यावयाची डोळ्यांची काळजी येथे लागू नाही.