चिखल, साप आणि पोपची बोट

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की कॉलेजातली काही मुलंमुली साडेसहा एकरांच्या एका बेटावर मुक्कामाला जातात. ईरी सरोवरातलं हे जिब्राल्टर बेट. ओहायो स्टेट विद्यापीठाची स्टोन लॅब इथेच आहे. कधी बोटीवर, कधी सूक्ष्मदर्शकापाशी, कधी गुडघाभर पाण्यात असं त्यांचं संशोधन चालतं. विषय माशाचा घ्या, शेवाळाचा घ्या नाहीतर किड्याचा, माग काढत गेलं की दुसऱ्या टोकाला माणूस सापडतोच. मला ही जागा आवडते ती त्यासाठीच.

प्रयोगशाळा १८९५ सालची. तिची सुरुवात झाली सँडस्की गावातल्या मत्स्यबीज केंद्राच्या माडीवर. बेट मिळालं १९२५ मध्ये. त्याआधी तिथे जे कुक या बँकरचं गढीसारखं घर होतं आणि त्याच्याही आधी, १८१३ मध्ये, ब्रिटिशांशी चाललेल्या युद्धात, पेरी नावाच्या नौसेनानीने इथल्या कड्यावरून ब्रिटिश जहाजांवर पाळत ठेवली होती.

इथल्या शिक्षकांचा एक लाडका हिशेब आहे. ईरी धरून उत्तर अमेरिकेत पाच महासरोवरं. त्यांतलं निम्मं पाणी एकट्या सुपीरियर सरोवरात, पण मासे जेमतेम दोन टक्के. ईरीत पाणी दोन टक्के आणि मासे निम्मे! आकडे ढोबळ आहेत, पण गोष्ट खरी. ईरीची सरासरी खोली अवघी १९ मीटर, त्यामुळे पाणी लवकर तापतं आणि माशांना खाणं भरपूर मिळतं.

विद्यार्थ्यांच्या हातातलं सगळ्यात साधं उपकरण म्हणजे दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली टिपायची. याचा पहिला प्रयोग १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने केला, तोही पोपच्या बोटीवरून. तेव्हा तबकडी नुसती पांढरी होती. आज जगभर ती सेक्कीच्याच नावाने ओळखली जाते.

आता या तबकडीला चकवणारा प्राणी. १९८०च्या दशकात जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून नखाएवढे झेब्रा शिंपले इथे आले. एकेक शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो. सरोवर लख्ख दिसू लागलं. पण नितळ म्हणजे निर्मळ नव्हे. हे शिंपले मोठे चोखंदळ आहेत. चांगलं शेवाळ गिळतात आणि विषारी निळं-हिरवं शेवाळ थुंकून टाकतात.

त्या विषारी शेवाळाने (खरं तर ते जिवाणूच) ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहराचा घसा कोरडा पाडला. चार लाखांहून अधिक लोकांना जवळजवळ तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नाही. उकळून प्यावं म्हटलं तर तेही चालेना, कारण उकळल्याने हे विष मरत नाही, उलट पाणी आटून जास्त दाट होतं. मूळ कुठे? मॉमी नदीकाठच्या शेतांत. खतातला आणि शेणखतातला फॉस्फरस पावसाबरोबर नदीत येतो, नदी तो सरोवरात आणून टाकते आणि त्यावर हे शेवाळ पोसतं. वसंतात नदीतून फॉस्फरस किती आला हे मोजून त्या उन्हाळ्यात पाणी किती हिरवं होईल याचा अंदाज आधीच जाहीर केला जातो. मान्सूनचा असतो ना, तसाच!

मेफ्लाय या किड्याचं काय सांगावं! त्याची पिल्लं तळाच्या गाळात वाढतात. प्रौढ किडा जेमतेम दिवस-दोन दिवस जगतो, आणि तेवढ्यात काही खातही नाही, कारण त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. ठरावीक रात्री ते इतक्या संख्येने उडतात की हवामान खात्याच्या रडारवर ढग दिसावा तसे दिसतात. १९५०च्या दशकात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला आणि ते इथून जवळजवळ नाहीसे झाले. सांडपाण्यावर आणि साबणाच्या पावडरींतल्या फॉस्फरसवर लगाम आला, आणि १९९०च्या दशकात ते परतले. रस्त्यांवर त्यांचे खच पडतात, आणि तरी लोक खूश असतात, कारण ते आले म्हणजे तळाच्या पाण्यात प्राणवायू आहे.

राहिला साप. ईरीचा पाणसाप बिनविषारी, पण चावरा. किनाऱ्यावरचे लोक तो दिसला की मारत. १९९९ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि उन्हाळ्यात हातांनी साप पकडून मोजण्याचं काम चाललं. चावे पदरी पडायचेच. २०११ मध्ये साप संकटग्रस्तांच्या केंद्रीय यादीतून बाहेर पडला. कायद्याइतकीच मदत केली ती गोबी नावाच्या उपऱ्या माशाने. तोही जहाजांतूनच आलेला. आज सापाच्या आहारात ९० टक्क्यांहून अधिक गोबीच असतो आणि साप पूर्वीपेक्षा लवकर वाढतात, मोठे होतात. पण गोबी खातो झेब्रा शिंपले आणि शिंपल्यांत साठलेली असतात कारखान्यांची जुनी रसायनं. ती सापापर्यंत किती पोहोचतात, हे पाहायला पुन्हा सापच पकडावे लागतात.