भाडे थकले म्हणून घर लगेच सोडावे लागत नाही

भाडे उशिरा दिले किंवा काही महिने थकले, तरी घरमालकाला भाडेकरूला थेट घराबाहेर काढता येत नाही. त्यासाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ताबा न्यायालयाच्या हुकमानेच घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याआधी राज्यात तीन वेगवेगळे कायदे होते. विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे आदेश चालत असे. त्यात घरमालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. नव्या कायद्याने ही पायरी काढून टाकली.

आताचा मार्ग कलम १५ मध्ये सांगितला आहे. भाडे थकल्यास मालकाने थकबाकीची लेखी मागणी करायची. ही नोटीस टपालाने पाठवता येते किंवा भाडेकरूच्या अथवा त्याच्या घरच्यांच्या हाती देता येते. तेही शक्य नसेल तर घरावर ठळक जागी चिकटवता येते. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत थकबाकीच्या कारणाने दावा लावता येत नाही. या मुदतीत पूर्ण रक्कम भरली की त्या थकबाकीचा प्रश्न मिटतो.

मुदत चुकली आणि दावा दाखल झाला, तरी कायदा आणखी एक संधी देतो. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी थकबाकी द.सा.द.शे. १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरायची, निकाल लागेपर्यंत दरमहा भाडे भरत राहायचे आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा. असे केल्यास थकबाकीच्या कारणावरून घर सोडण्याचा हुकूम होत नाही. उदाहरणार्थ, १२,००० रुपये वर्षभर थकले असतील तर व्याजाचे १,८०० रुपये जास्तीचे भरावे लागतील. पुढचा एखादा हप्ता चुकला, तर मात्र हे संरक्षण धोक्यात येते.

हा कायदा त्याच्या अनुसूचींत दिलेल्या क्षेत्रांपुरताच आहे. त्यामुळे गोंदिया तालुक्यातील विमानतळालगतच्या बिरसीसारख्या गावात घर भाड्याने असेल, तर ते क्षेत्र अनुसूचीत येते का हे आधी पाहावे. येत नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागतो. त्यातील कलम १०६ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर महिनेवारी भाडेपट्टा १५ दिवसांच्या लेखी नोटिशीने संपवता येतो. भाडे न दिल्याने करारानुसार पट्टा रद्द ठरवला असेल, तर सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज आणि खर्च भरणाऱ्या भाडेकरूला कलम ११४ खाली न्यायालय सवलत देऊ शकते.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे : न्यायालयाबाहेर जबरदस्ती चालत नाही. कुलूप बदलून किंवा सामान बाहेर फेकून ताबा घेतल्यास, विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार भाडेकरूला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. भाडे नियंत्रण कायद्याखाली वीज-पाणी तोडण्यासही मनाई आहे. लिव्ह अँड लायसन्स कराराचे नियम वेगळे आहेत. त्याची मुदत संपली की जागा सोडावीच लागते.

हे हक्क कागदावर सिद्ध करावे लागतात. म्हणून भाड्याची पावती मागून घ्यावी, शक्यतो बँकेतून पैसे द्यावेत, करार नोंदवून घ्यावा आणि नोटिशीवरची तारीख व लिफाफा जपून ठेवावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नोटीस हाती पडताच, मुदत संपायची वाट न पाहता, तेथे जावे.