विश्लेषण : जुन्या मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगचा पाइप गळतोय? नुसते ऑइल टाकत राहणे धोक्याचे का?

पार्किंगच्या फरशीवर लालसर तेलकट डाग, वळताना बॉनेटखालून येणारा घुमल्यासारखा आवाज आणि हळूहळू जड होत जाणारे स्टिअरिंग. दहा-पंधरा वर्षे जुनी मोटार वापरणाऱ्या अनेकांना ही लक्षणे परिचयाची असतात. त्यावर सोपा उपाय म्हणून ऑइलची बाटली आणून टाकी भरली जाते. मात्र गळणारा पाइप वेळीच बदलला नाही तर पंप निकामी होऊ शकतो आणि क्वचित गाडीला आगही लागू शकते.

हा पाइप नेमके काय काम करतो?

जुन्या पद्धतीचे पॉवर स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतील ऑइल दाबाने स्टिअरिंगच्या रॅककडे पाठवतो आणि हा दाब चाके वळवायला मदत करतो. पंपाकडून रॅककडे जाणारा तो प्रेशर पाइप. काम झाल्यावर ऑइल टाकीत परत आणणारा तो रिटर्न पाइप. इंडिका, क्वालिस, जुनी स्कॉर्पिओ, पहिल्या पिढीतील इनोव्हा अशा पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांत हीच रचना आहे. सुझुकीने १९८८ मध्ये ‘सर्व्हो’ या छोट्या मोटारीत विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आणले. आजच्या बहुतेक नव्या मोटारींत तीच पद्धत असल्याने त्यांत हे ऑइल नसते.

पाइप गळू का लागतो?

पाइपचा लवचीक भाग रबराचा असतो. त्यात मजबुतीसाठी धाग्यांचे विणकाम असते आणि टोकांना धातूचे जोड दाबून बसवलेले असतात. इंजिनाची उष्णता आणि गरम ऑइल यामुळे रबर वर्षानुवर्षे कडक होत जाते व त्याला भेगा पडतात. सर्वात आधी ऑइल झिरपते ते बहुधा रबर आणि धातू जिथे जोडले जातात तिथे.

गळक्या पाइपला जोड लावून चालेल का?

हे कोणता पाइप गळतो यावर ठरते. रिटर्न पाइपमध्ये दाब फारच कमी असतो. तिथे क्लिप सैल झाली असेल तर ती बदलून किंवा ऑइलला टिकणारा योग्य मापाचा नवा पाइप घालून काम भागते. प्रेशर पाइपची गोष्ट वेगळी. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर त्यातील दाब ७० ते १०० बारपर्यंत जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो, यावरून फरक लक्षात येईल. त्यामुळे प्रेशर पाइप मधेच कापून, क्लिपा लावून जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पाइप पूर्ण बदलावा. कंपनीचा पाइप मिळत नसेल तर हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्या कार्यशाळेतून जुन्या पाइपच्या मापाने, यंत्रावर टोके दाबून बसवलेला नवा पाइप करून घेता येतो.

ऑइल टाकत राहिले तर काय बिघडते?

हे ऑइल पंपाला वंगण म्हणूनही लागते. पातळी घसरली की पंप हवा ओढतो, आवाज करतो आणि आतून झिजतो. झिजलेल्या पंपाचे कण पुढे रॅकमध्ये जातात आणि पाइपच्या किमतीत भागणारे काम कितीतरी पट महाग होते. दुसरा धोका आगीचा. गळणारे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर धूर निघतो, पेटही घेऊ शकतो. होंडाने २०१२ मध्ये अमेरिकेत २००७ आणि २००८ सालच्या सुमारे ५२ हजार ‘अॅक्युरा टीएल’ मोटारी याच शक्यतेमुळे परत बोलावल्या होत्या.

पाइप बदलताना काय पाहावे?

इंजिन थंड असावे. गाडीखाली जायचे असेल तर ती नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी. टाकीतील ऑइल काढून घ्यावे, खाली ट्रे ठेवावा आणि जोडांभोवतीची धूळ पुसूनच ते उघडावेत, कारण आत गेलेला कचरा पंपाला मारक ठरतो. जोडावरची ओ-रिंग किंवा तांब्याचे वॉशर नवेच घालावे. जुने पुन्हा वापरल्यास नवा पाइपही गळू लागतो. नटाचे आटे आधी हाताने बसवावेत, मग पान्याने आवळावेत. नवा पाइप जुन्याच मार्गाने न्यावा, मूळ क्लॅम्पमध्ये अडकवावा आणि एक्झॉस्टला टेकू देऊ नये. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नये, त्याने सील फुगून खराब होतात.

एअर कशी काढतात?

टाकी भरून, पुढची चाके उचललेली ठेवून आणि इंजिन बंद असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५-२० वेळा सावकाश फिरवावे. पातळी खाली जाईल तसे ऑइल घालत राहावे. बुडबुडे थांबल्यावर इंजिन सुरू करून हेच पुन्हा करावे. मात्र स्टिअरिंग टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये. टाकीत फेस किंवा दुधट ऑइल दिसले तर आत हवा उरली आहे असे समजावे. इंजिन चालू असताना गळती बोटाने चाचपू नये. दाबाखालचे ऑइल बारीक छिद्रातून त्वचेत घुसू शकते. त्याऐवजी पुठ्ठा धरून पाहावा. काढलेले जुने ऑइल गटारात न ओतता गॅरेजमधील जुन्या ऑइलच्या पिंपात द्यावे.

रस्त्यातच पाइप फुटला तर?

स्टिअरिंग आणि चाके यांची यांत्रिक जोडणी कायम राहते, त्यामुळे गाडी वळते, पण जोर बराच लावावा लागतो. घाटात असाल तर वेग कमी करा, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरा आणि सुरक्षित जागी थांबून मगच इंजिन बंद करा. जळकट वास किंवा धूर आला तर मात्र लगेच बाजूला थांबून इंजिन बंद करा आणि सर्वांना गाडीपासून दूर न्या. दुरुस्ती झाल्यावरही आठवडाभर रोज सकाळी टाकीची पातळी आणि गाडीखालची फरशी पाहावी. पातळी तीच आणि फरशी कोरडी असेल तर काम नीट झाले असे समजावे.