बाळंतिणीची विश्रांती

पहाटे तीनला बाळ रडू लागते. त्याला पाजून, थोपटून निजवावे तोच दुपटे बदलण्याची वेळ होते. दिवसभर हाच क्रम. मुलगा झाला म्हणून पेढे वाटले जातात. त्याची आई सलग दोन तास तरी झोपली का, ही चौकशी मात्र सहसा होत नाही.

जुन्या रूढीने बाळंतिणीला सव्वा महिन्याची विश्रांती, शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू दिले. विटाळाची कल्पना वगळली, तर त्यात शहाणपण होते. १९६१ च्या कायद्याने नोकरदार स्त्रीला १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ साली, पहिल्या दोन अपत्यांपुरती, ती २६ आठवडे झाली. सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे, या वैद्यकीय सल्ल्याशी हा हिशेब बहुतांशी जुळतो.

परंतु खुरपणीला जाणारी मजूर स्त्री या हिशेबात कोठे आहे? तिचे बाळ बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत असते. पहिल्या अपत्यासाठी सरकारी योजनेतून मिळणारे ५,००० रुपये सहा महिन्यांच्या मजुरीची भरपाई करू शकत नाहीत. मातृत्वाचा गौरव शब्दांनी पुष्कळ झाला. आता तो तिच्या बुडणाऱ्या रोजाच्या तरतुदीत दिसला पाहिजे.