घाटात इंजिन बंद, धोका सुरू

पावसाळा सुरू झाला, की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या मोटारी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागाकडे वळतात. कोणी माळशेज घाटातील धबधब्यांपाशी थांबतो, कोणी जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याने नाणेघाट गाठतो, तर कोणी मंचर, घोडेगाव, डिंभे असा प्रवास करून पोखरीचा घाट चढतो आणि भीमाशंकरला जातो. शहरातील सपाट रस्त्यावर इंजिन सुरू करणे वा बंद करणे म्हणजे केवळ किल्ली फिरविणे वाटते. चढ-उताराच्या रस्त्यावर मात्र ब्रेक आणि स्टिअरिंग यांचे बळ बऱ्याच अंशी इंजिनावरच अवलंबून असते. त्यामुळे ते कधी व कसे बंद करावे, हा सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

बचतीचा गैरसमज

उतार लागला, की इंजिन बंद करून किंवा गिअर न्यूट्रलमध्ये टाकून गाडी सोडून द्यायची आणि पेट्रोल वाचवायचे, ही अनेकांची जुनी सवय आहे. कार्ब्युरेटरच्या काळात ती रुजली. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधनाचा पुरवठा बहुतेक वेळा आपोआप थांबतो. चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाहीच, उलट इंजिनाचा वेग रोखणारा आधार हातचा जातो.

इंजिन बंद केल्यास धोका आणखी वाढतो. बहुतेक मोटारींत ब्रेकला इंजिन चालू असताना निर्माण होणाऱ्या निर्वाताचे साह्य मिळते. इंजिन बंद पडल्यावर हे साह्य दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते. नंतर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. किल्ली मागे फिरवून काढली, तर स्टिअरिंगला कुलूप लागण्याची भीती असते. वळणावर यांपैकी एकही गोष्ट परवडणारी नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही योग्य आहे.

उतारावर इंजिन अचानक बंद पडलेच, तर ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये. एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरावा. हँडब्रेक सावकाश ओढत गाडी डोंगराच्या कडेला घ्यावी. ती थांबेपर्यंत किल्ली काढू नये.

सुरू करताना

हँडब्रेक ओढलेला आहे आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे, याची आधी खात्री करावी. क्लच पूर्ण दाबून मगच किल्ली फिरवावी. गिअरमध्ये राहिलेली गाडी स्टार्टरच्या धक्क्यानेही पुढे उडी घेते. समोर दरी असेल, तर तेवढी उडी पुरेशी ठरते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत ब्रेकवर पाय हवा. डिझेल गाडीत कॉइलचा दिवा विझण्याची वाट पाहावी. स्टार्टर सलग दहा सेकंदांपेक्षा अधिक चालवू नये. मध्ये थोडी विश्रांती द्यावी. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा विझला नाही, तर ते लगेच बंद करावे.

ओढ्याच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी व मेकॅनिकला दाखवावी.

थांबताना

गाडी पूर्ण थांबल्यावर न्यूट्रल करावे, हँडब्रेक ओढावा आणि मग इंजिन बंद करावे. त्यानंतर चढाकडे तोंड असल्यास पहिला, उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर टाकावा. स्वयंचलित गाडीत हँडब्रेक ओढून ‘पी’ निवडावे. पुढची चाके अशी वळवावीत, की गाडी घसरलीच तर डोंगराच्या बाजूला टेकेल, दरीकडे जाणार नाही. चाकाला दगड लावावा. निघताना तो आठवणीने रस्त्यातून बाजूला करावा, अन्यथा मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर संकट येते. घाट चढून आलेल्या टर्बो इंजिनाला बंद करण्यापूर्वी मिनिटभर नुसते चालू द्यावे.

ही खबरदारी केवळ शिष्टाचार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२६ नुसार परवानाधारक व्यक्ती चालकाच्या जागी नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याखेरीज अथवा गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था केल्याखेरीज ती सार्वजनिक ठिकाणी उभी ठेवता येत नाही. ‘दोन मिनिटांत फोटो काढून येतो’ म्हणून मुलांना आत बसवून चालू ठेवलेली गाडी या नियमात बसत नाही.

माळशेजच्या धुक्यात काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपणेही धोक्याचेच आहे. सायलेन्सरमध्ये गळती असल्यास कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. विश्रांती घ्यायचीच असेल, तर घाट संपल्यावर मोकळ्या जागी थांबावे, इंजिन बंद करावे आणि काच थोडी उघडी ठेवावी.