तीन पायांचे मेज

आलापल्लीचे नाव निघाले की आधी सागवान आठवते. अहेरी तालुक्यातल्या या गावाहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुन्या, उंच सागांचा जो तुकडा वनखात्याने राखला, तो ‘वनवैभव’ 2014 मध्ये महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून जे सागवान गेले, तेही याच वनपट्ट्यातले. अशा मुलखात बंदूक टेकवून नेम तपासण्यासाठी मेज करायचे ठरले, तर पहिला विचार ठरलेलाच: जाड सागवानी फळी, चार भक्कम पाय आणि फळीलाच जोडलेले आसन. जड ते पक्के, ही समजूत घरात आणि कचेरीत चालते. रानात मात्र ती फसवते. तिथे मेज स्थिर राहते ते पाय किती आहेत, ते किती पसरले आहेत आणि बसणाऱ्याचे शरीर मेजापासून किती अलग आहे, यांवर. वजनाचा नंबर यांच्या नंतर लागतो.

असे मेज कोणाला लागते, हे आधी सांगायला हवे. शिकारीचा काळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नेमबाजीची खरी गरज आहे ती वनखात्याच्या बचाव पथकांना. माणसांवर हल्ले करणारा वाघ असला, तरी तो पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही किंवा दुसरीकडे हलवता येत नाही याची मुख्य वन्यजीव रक्षकाला खात्री पटल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही, असे याच कायद्याचे 11 वे कलम सांगते. म्हणून डार्टची बंदूक महत्त्वाची. ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा परिसरात सीटी-1 हा वाघ जेरबंद झाला तोही बेशुद्ध करूनच. तोवर तीन जिल्ह्यांत तेरा माणसांचे बळी त्याच्या नावावर लागले होते. अशा वेळी एक डार्ट चुकला तर वाघ आणखी सावध होतो, आणि धान कापायला बांधीत उतरणाऱ्या बायामाणसांचे दिवस आणखी धोक्याचे होतात.

डार्ट म्हणजे पाठीमागे शेपूट लावलेली उडती सिरिंज. वायूच्या दाबावर ती सुटते आणि गोळीच्या मानाने फारच सावकाश जाते, म्हणून तिचा मार्ग चांगलाच वाकतो. अंतर बदलले की दाब बदलावा लागतो. दाब कमी पडला तर डार्ट वाटेत खाली येतो, जास्त झाला तर सुई खोल घुसून जनावराला इजा करते. तो लागायला हवा मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत. पोटात किंवा बरगड्यांत लागून चालत नाही. कोणत्या अंतराला किती दाब, याचा तक्ता बंदुकीबरोबर मिळतो, पण तो आपल्या बंदुकीला आणि आपल्या डार्टला लागू पडतो का, हे लक्ष्यावर मारूनच कळते. खडबडीत रस्त्यावरून गाडीत हादरे खात आलेल्या बंदुकीची दुर्बीण जराशी हलली असेल, तर तेही तसेच कळते. आता हिशेब पाहा. बंदुकीच्या पुढच्या आणि मागच्या टेकूत अर्धा मीटर अंतर धरले, तर पुढचा टेकू एका मिलिमीटरने खचला की 30 मीटरवर नेम 6 सेंटिमीटर सरकतो. डार्ट खाली लागला, तर दोष दाबाचा, दुर्बिणीचा, हाताचा की मेजाचा? मेज पक्के असेल तर त्या यादीतून निदान एक नाव कमी होते, आणि हाताचा वाटाही बराच घटतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसांचा असतो. वाघासमोर कोण मेज मांडतो? तिथे गाडीतून, मचाणावरून, कधी झाडाच्या आडून डार्ट मारावा लागतो. हे खरे आहे आणि मेजाने त्यात काही बदलत नाही. ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरावा लागतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात, कोणत्याही मेजाशिवाय. पण नेमबाजाचे कसब आणि बंदुकीची अचूकता या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत माणूस तपासायचा असतो, म्हणून आधार काढून घेतात. दुसरीत हत्यार तपासायचे असते, म्हणून माणसाचा हलता हात शक्य तितका बाजूला ठेवायचा. बचाव पथकाला दोन्ही हव्यात, आणि दुसरी आधी झाली नसेल तर पहिलीला अर्थ राहत नाही.

जमिनीवर पालथे झोपून वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवावी, हा दुसरा पर्याय, आणि स्थैर्याच्या बाबतीत तो मेजापेक्षा सरस आहे हे मान्य करायला हवे. कोरड्या, उघड्या मैदानात तोच वापरावा. पण आलापल्लीच्या आसपास पावसाळ्यानंतर कमरेइतके गवत असते, बांधीत चिखल असतो आणि बांध आडवा येतो. झोपलेल्या माणसाला लक्ष्यच दिसत नाही. गाडीच्या बोनेटवर टेकणे सर्वांत सोपे, पण गाडी स्प्रिंगांवर आणि हवा भरलेल्या टायरांवर उभी असते. दाराला कोणी हात लावला तरी नेम हलतो.

मेजच घ्यायचे तर तीन पायांचे घ्यावे. तीन टोके कुठल्याही उंचसखल जमिनीवर एकाच वेळी टेकतात. चौथा पाय आला की कुठला तरी एक अधांतरी राहतो, मग त्याखाली चिपा आणि दगड सरकवत बसावे लागते. मोजणीदाराची तिपाई आणि कॅमेऱ्याचा स्टँड तीन पायांचे असतात ते याच कारणाने. यावरचा आक्षेप वजनदार आहे: तीन पायांचे मेज लवकर कलंडते. पायांची टोके मध्यापासून 60 सेंटिमीटरवर असतील, तर चार पायांच्या मेजाची कलंडण्याची कड मध्यापासून सुमारे 42 सेंटिमीटरवर येते, तीन पायांच्या मेजाची फक्त 30 वर. उपाय सरळ आहे. तीन पाय 85 सेंटिमीटरपर्यंत पसरले की ही तूट भरून निघते. शिवाय पाय कुठे लावायचे तेही ठरवता येते. पुढे बंदुकीचे तीन-चार किलो वजन असते, तर मागे दोन्ही कोपरांवर रेललेले माणसाचे अंग. म्हणून एक पाय पुढे, दोन मागे, आणि फळी पुढे निमुळती. पुढे दोन आणि मागे एक अशी मांडणी असली, तर मागच्या कोपऱ्यावर कोपर दाबताच मेज तिरके होते. विकत घेताना हे आधी पाहावे; फळीचा रंग आणि पॉलिश नंतर.

आसनाबद्दल मतभेद सर्वांत जास्त आहेत. आसन मेजाला जोडलेले असले की बसणाऱ्याचे साठ-सत्तर किलो मेजाला दाबून धरतात, असा युक्तिवाद असतो. वजन येते हे खरे, पण ते वजन श्वास घेते, बूड सरकवते, मान वळवते, आणि यातली प्रत्येक हालचाल सांगाड्यातून थेट टेकूपर्यंत पोचते. हा धडा हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने फार पूर्वी घेतला. त्याचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन 1823 च्या जानेवारीत आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला; त्याची कबर तिथे आहे. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, घेऊन त्याची माणसे दक्षिणेतून इथवर आली होती. त्या सर्वेक्षणाच्या ठाण्यांवर यंत्र मधल्या स्वतंत्र खांबावर ठेवत आणि निरीक्षक ज्या चौथऱ्यावर वावरत तो त्या खांबाला लागू देत नसत. अर्ध्या टनाच्या यंत्रालाही माणसाच्या पावलांपासून जपावे लागले, तर चार किलोच्या बंदुकीचे काय? आसन वेगळे असावे. साधे स्टूल पुरते. सपाट, टणक मैदानावर नवख्यांना शिकवताना जोडआसनाचे मेज सोयीचे पडते, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

मचाणही याच बाजूने साक्ष देते. या भागात पूर्वी शिकारीसाठी झाडावर खाट बांधत. आज पिकाची जागल करायला बांधीत मचाण असते, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवरच्या मचाणांवर निसर्गप्रेमींना बसवते. बसायला ते चांगलेच असते. पण दोघे एका मचाणावर असले आणि एकाने पाय दुमडला, की दुसऱ्याचा लांब लेन्सचा कॅमेरा थरथरतो. झाडाला बांधलेले मचाण वाऱ्याबरोबर झुलते ते वेगळेच.

आता लाकूड. सागाचा मोठा गुण म्हणजे ओल-उन्हात तो फारसा वाकत नाही, म्हणून फळी सागाची करण्यात शहाणपण आहे. पण 90 बाय 60 सेंटिमीटरची, अडीच सेंटिमीटर जाड फळी जवळपास 9 किलो भरते, आणि गाडी थांबल्यावर शेवटची वाट पायीच असते. फळी पुढे निमुळती केली, जाडी कमी करून खालून दोन आडव्या पट्ट्या मारल्या, तर वजन उतरते आणि ताठपणा टिकतो. पायांना मात्र साग नको, मानवेल बांबू हवा. गडचिरोलीच्या जंगलात तो मुबलक आहे, जवळजवळ भरीव असतो आणि वजनाच्या मानाने कमालीचा ताठ. पायांच्या टोकांना लोखंडी अणी असावी, म्हणजे मुरमात ती रुतून बसते. बांधीतल्या चिखलासाठी त्याच टोकांवर बसणाऱ्या तळहाताएवढ्या लाकडी चकत्या जवळ ठेवाव्या.

बहुतेक घडीच्या मेजांचा खरा दोष सांध्यात असतो. पाय फळीला जिथे जोडतो तिथे केसभर ढिलाई असली, तर बाकी सगळे व्यर्थ. पारख करायला बंदूकही लागत नाही. फळीवर लेझरची लहान बॅटरी घट्ट बांधावी, 25 मीटरवरच्या भिंतीवर तिचा ठिपका पाडावा आणि कोपर टेकवून, उचलून, पुन्हा टेकवून पाहावे. कोपर उचलताच ठिपका मूळ जागी परतत असेल, तर ती लाकडाची लवचीकता आहे आणि ती चालते. तो दर वेळी नव्या जागी थांबत असेल, तर सांधा ढिला आहे. ते मेज घेऊ नये, कितीही स्वस्त असले तरी.

मानवेलाचे पाय एकाच मापाचे सहा करून ठेवावेत, कारण तडा बांबूला जातोच आणि जंगलात सुतार नसतो. बांबू पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडलेला असावा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवलेला असावा. त्यातली साखर आणि पिठूळ अंश निघून गेला नाही, तर भुंगेरे आतून पोखरतात, आणि वरून धड दिसणारा पाय पुढच्या हंगामात कोपराच्या भाराखाली मोडतो.