मिरॅक्युलस लेडीबग टूडीतून थ्रीडीत का गेली?

टोमा आस्त्रुक यांच्या या फ्रेंच मालिकेची पहिली झलक टूडीत होती, जपानच्या तोएई ॲनिमेशनसोबत केलेली. २०१५ मध्ये टीव्हीवर आली ती मात्र थ्रीडी मालिका. फरक काय पडतो? लेडीबगच्या लाल पोशाखावरचे काळे ठिपके बघा. टूडीत ते प्रत्येक चित्रात नव्याने, अचूक जागी काढावे लागतात. थ्रीडीत मॉडेलवर एकदा बसवले की ती कितीही गिरक्या घेवो, ठिपके जागा सोडत नाहीत. जादूने मारिनेटची लेडीबग होते, तो तुकडा मात्र दोन्हींत एकदा बनवून भागामागून भाग वापरता येतो. मला स्वतःला टूडी झलकच जास्त आवडते. पण एका सीझनचे २६ भाग काढायचे म्हटल्यावर थ्रीडीचा हिशोब पटतो.